फोमचं की हवेचं? होडीसाठी लाइफ जॅकेट निवडताना

मालवण-तारकर्लीच्या होड्यांवर दिसतं ते नारिंगी, जाड फोमचं जॅकेट. उन्हात अंग उकडतं, जाळं ओढताना हात अडतो, म्हणून माणसं ते काढून बाकाखाली सारतात. फुगणारं जॅकेट गळ्यात पट्ट्यासारखं बसतं, दिवसभर घातलं तरी जड वाटत नाही. १५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवणाऱ्या जोराचं माप) असेल तर बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणं करतं. ५० न्यूटनच्या फोमचा तसा भरवसा नाही.

पण हवेच्या जॅकेटची निगा घ्यावीच लागते. एकदा मी माझं उघडलं, तर जॅकेट फुगवणाऱ्या वायूची नळकांडी चक्क दोन आटे सैल! पाण्यात पडून फुगवायची दोरी ओढली असती तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. आता दर मोहिमेआधी नळकांडी हाताने घट्ट पिळतो, वर्षातून एकदा तोंडाने फुगवून रात्रभर ठेवतो. खारं पाणी लागलं की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटमधली, पाणी लागताच विरघळून ते फुगू देणारी गोळी पावसाळ्यातल्या दमटपणानेही दगा देते, तिची मुदत बघा.

लहान मुलं, पोहता न येणारे, जेट-स्की: तिथे फोमच.