मल्टिकोर ट्रेसचं विकतचं टूल, बऱ्याच महिन्यांनंतर: चित्र झकास, वेळेची बोंब

चिपमधल्या प्रत्येक कोरवर (प्रोसेसरवर) कोणतं काम कधी चाललं त्याची नोंद, म्हणजे ट्रेस, चित्रात दाखवणारं हे टूल. ऑफिसचा लॅपटॉप बदलला आणि लायसन्स जुन्या लॅपटॉपच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या नंबरला) बांधलेलं, म्हणून टूल उघडेचना. सपोर्टला मेल टाकला तर फॉर्म आला, फॉर्म भरला तर म्हणे जुनं मशीन बंद केल्याचा पुरावा द्या, आणि नवी की आली तेव्हा आमचा बोर्ड कस्टमरकडे रवाना झालेला, वरातीमागून घोडं. त्या रागातच लिहितोय, सांभाळून घ्या. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

आमचं काम मोटर कंट्रोलचं, भोसरीतली छोटी कंपनी. चिप एसटीएम३२एच७४५, म्हणजे आत दोन कोर, एम७ ४८० मेगाहर्ट्झला, एम४ २४० ला, दोन्हीवर आपापलं फ्रीआरटॉस, म्हणजे टास्क (छोटी कामं) आळीपाळीने चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम (आरटॉस). कोणता टास्क कधी चालला, कुणी कुणाला हाकललं हे दोन्ही कोरचं एकाखाली एक बघायला मिळावं एवढीच अपेक्षा होती. दिसायला टूल सुरेख आहे, झूम मख्खनसारखं होतं, टास्कवर क्लिक केलं की रिस्पॉन्स टाइमचा हिस्टोग्राम येतो. बाकी फीचर्स ब्रोशरमध्ये वाचा.

मला बोलायचंय ते वेळेबद्दल. पहिल्याच ट्रेसमध्ये एम४ वरच्या टास्कला मेसेज मिळाला आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी एम७ ने तो पाठवला! मेसेजचा बाण उलटा, डावीकडे जाणारा. आणि टूल तो बाण निमूटपणे काढतं, एक साधी वॉर्निंगसुद्धा नाही. कारण त्यांचा डिफॉल्ट पोर्ट (चिपवर चालणारा त्यांचा कोड) प्रत्येक कोरचा स्वतःचा सायकल काउंटर (क्लॉकचे ठोके मोजणारा) वापरतो, तो ३२ बिटचा, म्हणजे ४८० वर साधारण ९ सेकंदांत रॅप होतो (भरून पुन्हा शून्यावर येतो) आणि २४० वर १८ सेकंदांत, शिवाय दोन्ही सुरू होतात वेगवेगळ्या क्षणी. घरात दोन घड्याळं असावीत आणि सोयीचं ते बघावं तसला कारभार. सुरुवातीला एकदा ऑफसेट (दोन काउंटरमधला फरक) जुळवतात म्हणे, पण त्यातही गंमत अशी की डिबग प्रोब (लॅपटॉप चिपला जोडणारं यंत्र) लावला की ट्रेस सरळ, काढला की हळूहळू तिरका. काम नसलं की आयडल टास्क डब्ल्यूएफआय (‘थांबून राहा’ ही सूचना) मारतो, कोर झोपतो, काउंटर पण झोपतो, आणि प्रोब लावलेला असला की झोपेतही क्लॉक चालू राहतो म्हणून तेव्हा सगळं गोडगोड दिसतं. सपोर्टचं उत्तर: आमच्याकडे असं होत नाही. होणार कसं, त्यांच्या टेबलावर प्रोब कायम लावलेला असणार.

शेवटी टाइमस्टॅम्प टिम५ वरून (चिपमधला एक टायमर) घ्यायला लावला, प्रीस्केल करून (वेग भागून) १० मेगाहर्ट्झ, दोन्ही कोरना एकच, रॅप व्हायला ७ मिनिटं, आम्हाला पुरे. कोरमधला रजिस्टर सोडून बसवर (चिपमधल्या सामायिक रस्त्यावर) जावं लागतं म्हणून प्रत्येक इव्हेंट थोडा महाग पडतो, पडू दे. टिम५ चा क्लॉक मात्र दोन्ही कोरच्या नावावर एनेबल करा. आणि नोंदी साठवायचा बफर कोरमागे वेगळा ठेवा, एकच बफर ठेवून त्याला हार्डवेअर सेमाफोरचं कुलूप लावलं तर ट्रेसिंगच टायमिंग बिघडवतं आणि मग आपण बघतो ते आपलंच करून ठेवलेलं. हे सगळं मॅन्युअलमध्ये पहिल्या पानावर हवं होतं, एवढे पैसे घेऊन.

इथपर्यंत दोन स्टार देणार होतो. पण बाण सरळ झाल्यावर जे दिसलं त्यासाठी एक वाढवतो. एम४ वरचा १ मिलिसेकंदाचा कंट्रोल लूप अधूनमधून ताणला जायचा, ओव्हरकरंट ट्रिप (करंट जास्त म्हणून मोटर बंद) यायचा. सिंगल कोरची सवय अशी की टास्कची पट्टी लांबली म्हणजे मध्ये कोणीतरी घुसलं असणार, पण इथे कोणीच घुसलेलं नाही, ना इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक) ना दुसरा टास्क, पट्टी अखंड आणि तरी लांब. वरच्या रांगेत बघितलं तर दर वेळी बरोबर तेव्हाच एम७ चा लॉगिंग टास्क चालू. एम७ च्या डीटीसीएममध्ये (त्याची खासगी मेमरी) डीएमए१ (कोरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) पोचत नाही म्हणून लॉग बफर एसरॅम१ मध्ये (सामायिक मेमरी) टाकलेला, आणि एम४ चा सगळा डेटाही तिथेच, दोघं एकाच दारात. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता डेटा कुठल्या मेमरीत ते ठरवणारी फाइल) बफर एसरॅम२ ला, म्हणजे वेगळ्या मेमरी ब्लॉकला, हलवला, लूप शांत झाला. हे ऑसिलोस्कोपवर पिन टॉगल करून दिसलं नसतं असं नाही, पण वरची रांग नसती तर मी अजून इंटरप्ट प्रायॉरिटीच उलटसुलट करत बसलो असतो.

तरी रिन्यूअल भरणार नाही. लायसन्स लटकलं त्या काळात एका ज्युनियरने पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, आमचाच बफर वाचून जेसन फाइल काढते, तिच्यात पीआयडी (प्रोसेस नंबर) म्हणजे कोर, टीआयडी (थ्रेड नंबर) म्हणजे टास्क, आणि ती फाइल पर्फेटो या ट्रेस बघायच्या टूलमध्ये ओढून टाकायची. गूगलचं ओपन सोर्स, ब्राउझरमध्ये चालतं, फुकट, वर एसक्यूएल मारून ‘या टास्कचे सगळ्यात लांब दहा रन’ काढता येतात. आरटॉसचं त्याला काही कळत नाही, म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) कुणी धरून ठेवलाय ते आपणच इव्हेंट टाकून दाखवायचं, कलर पण त्याच्या मनाचे. पण बाण उलटा आला तर चूक आपल्याच स्क्रिप्टची, आणि ती दुरुस्त करायला मॅक ॲड्रेस कोणी मागत नाही.

ज्यांच्याकडे ऑटोमोटिव्हचं मोठं काम आहे, टायमिंग रिपोर्ट ऑडिटला दाखवावे लागतात, त्यांनी विकतचंच घ्या, रिपोर्ट तिथे खरंच चांगले निघतात. फक्त डेमोला आलेल्या माणसाला आधी प्रोब काढायला सांगा, मग दोन्ही कोर दहा मिनिटं चालू द्या आणि मेसेजचे बाण बघा.