सीप्लेन रेटिंगचा छोटा कोर्स: पाणी उत्तम शिकवतात, धक्क्याला लावणं नाही

पाचापैकी साडेतीन तारे. कापलेला दीड कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी हे कोणासाठी, ते सांगते. जमिनीवरच्या विमानाचं प्रायव्हेट पायलट लायसन्स हातात आहे, पोटासाठी नाही तर हौसेसाठी उडता, आणि आता पाण्यावरून उडायचंय, अशांसाठी. अमेरिकी नियमांत या रेटिंगला, म्हणजे लायसन्सवर चढणाऱ्या या जादा परवानगीला, वेगळी लेखी परीक्षा नाही आणि किमान तासांची अटही नाही. इन्स्ट्रक्टरने सही दिली की परीक्षकासमोर तोंडी प्रश्न, मग उड्डाण, आणि लायसन्सवर ‘सिंगल इंजिन सी’ चढतं. म्हणूनच बऱ्याच शाळा हा कोर्स दोन-तीन दिवसांत उरकतात. मी गेले ती अशीच एक, तलावाकाठची. नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारी तिच्या एकटीच्या नाहीत, या धंद्याच्याच आहेत.

विमान होतं फ्लोटवर, म्हणजे चाकांऐवजी लावलेल्या तरंगत्या पोकळ पेट्यांवर बसवलेलं पायपर जे-३ कब. निवड अगदी योग्य. बीव्हर किंवा सेसना १८५ अशी मोठी विमानं बघून जीव तिकडे ओढतो हे खरं, पण शिकायला हलकं विमानच हवं. तुमच्या पायांचा आळस ते तिथल्या तिथे दाखवून देतं. कबमध्ये दोघं एकामागे एक बसतात, उजवीकडचं दार वर आणि खाली असं दोन भागांत उघडतं आणि हवेतही उघडं ठेवता येतं. आत शिरणं मात्र योगासन आहे. गुडघे कुरकुरत असतील तर मनाची तयारी ठेवा. स्टार्टर नाही. फ्लोटवर, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मागच्या बाजूला उभं राहून हाताने पंखा फिरवायचा. इंजिन लागलं की विमान निघालंच, कारण पाण्यावर ब्रेक नसतो. दोर सुटलाय का, लाइफ जॅकेट नीट आहे का, समोर कोणाची नाव आहे का, हे सगळं इंजिन लागायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. धावपट्टीच्या कडेला थांबून निवांत चेकलिस्ट वाचायची माझी सवय इथे पहिल्याच तासाला मोडली. चांगलं झालं.

उड्डाणाआधीच्या तपासणीत सगळ्यात जास्त वेळ फ्लोटमधलं पाणी उपसण्यात जातो. प्रत्येक फ्लोट आतून अनेक बंद कप्प्यांत विभागलेला असतो. प्रत्येक कप्प्याच्या तोंडावरचं रबरी बूच काढायचं, हातपंप लावायचा आणि किती वेळा ओढल्यावर पाणी संपलं ते मोजायचं. काल चार, आज वीस, तर तो फ्लोट कुठेतरी गळतोय. फ्लोटचं गणित मला फार आवडलं: दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या कमाल वजनाच्या १८० टक्के भार तरंगवू शकले पाहिजेत, आणि एका फ्लोटचे कोणतेही दोन कप्पे भरले तरी विमान उलटता कामा नये. एडो १३२० या फ्लोटच्या नावातला आकडाही शोभेचा नाही, तो एक फ्लोट गोड्या पाण्यात किती पौंड पेलतो ते सांगतो. दोनाचे २६४०, भागिले १.८, म्हणजे साधारण १,४६६ पौंडांपर्यंतचं विमान. इन्स्ट्रक्टरने हे धक्क्यावर बसून खडूने मांडून दाखवलं. अशा शिक्षकाला तारे द्यायला हात आखडत नाही.

उडणं तुम्हाला येतंच, त्यामुळे हवेतला भाग पटकन उरकतो. खरा अभ्यास पाण्याचा. तलावावर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक नसतो, वारा पाण्यावरच वाचायचा. ज्या किनाऱ्यालगत गुळगुळीत पट्टा दिसतो, वारा त्या बाजूने येतोय. नांगरलेल्या होड्या नाक वाऱ्याकडे करून असतात. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की वारा १० नॉटच्या आसपास पोचला असं धरायचं. आणि विमानालाही वाऱ्याकडेच तोंड करायचं असतं. हळू चालताना वॉटर रडर, म्हणजे फ्लोटच्या मागची छोटी सुकाणू, खाली असतात म्हणून ते तुमचं ऐकतं; ते वर घेतले की नाक आपसूक वाऱ्याकडे वळतं. उड्डाणाला आणि उतरताना ते वरच हवेत, आणि ‘वॉटर रडर वर’ हे मोठ्याने म्हणायला लावतात.

टेकऑफला स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पोटाशी, थ्रॉटल (इंजिनची ताकद) पूर्ण. नाक आभाळाकडे जातं, पुढचं काही दिसत नाही, फवारा उडतो. मग स्टिक थोडी सैल सोडली की विमान फ्लोटच्या तळाला असलेल्या पायरीवर, म्हणजे ‘स्टेप’वर चढतं आणि पाणी कापायचं सोडून त्याच्यावरून घसरू लागतं. इथे नाकाची एक नेमकी जागा असते. ती चुकली, विशेषतः नाक खाली गेलं, तर विमान पुढे-मागे डुलायला लागतं आणि प्रत्येक डोल आधीपेक्षा मोठा होतो. त्याचा पाठलाग करत बसायचं नाही. थ्रॉटल बंद, स्टिक मागे. हे आमच्याकडून मुद्दाम घडवून घेतलं, आणि ते बरंच झालं.

आता कोर्समधला सर्वात मोलाचा धडा: वारा पूर्ण पडलेला असताना उतरणं. ऐकायला सोपं वाटतं ना? जमिनीच्या पायलटला खवळलेलं पाणी भीतीदायक वाटतं, पण अंदाज चुकवणारं पाणी असतं ते निवांत. आरशासारखा झालेला पृष्ठभागच दिसत नाही. खाली ढग दिसतात, तळ दिसतो, पाणी दिसत नाही. आपण पन्नास फुटांवर आहोत की पाचावर, हे डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबायचंच नाही. किनाऱ्याला समांतर यायचं, म्हणजे झाडांवरून उंचीचा थोडा अंदाज राहतो, शेवटचा खुणेचा ठिपका मागे पडायच्या आत नाक ठरलेल्या जागी धरायचं, मिनिटाला साधारण १५० फुटांची उतरण बसेल इतकी पॉवर ठेवायची आणि थांबायचं. हात शिवशिवतात. स्टिक ओढावीशी वाटते, पॉवर कमी करावीशी वाटते. दोन्ही करायचं नाही. पाणी येईल तेव्हा येईल. यात खूप लांबी खर्च होते, आणि ती आहे की नाही याचा हिशेब आधीच मांडून घेतात. मागच्या सीटवरचा आवाज एकच शब्द म्हणत होता: ‘थांब.’ या एका धड्यातच तो माणूस तुमची पूर्ण फी वसूल करून देतो.

मग तारे का कापले?

एक तारा धक्क्याचा. सीप्लेनचे पंख, पंखा आणि फ्लोट यांची खरी परीक्षा शेवटच्या वीस फुटांत असते: वाऱ्याकडे तोंड करून यायचं, इंजिन वेळेवर बंद करायचं, दोर घेऊन फ्लोटवर उतरायचं आणि लाकडाला पाय लावून विमान थोपवायचं. तेच आमचे गुरुजी प्रत्येक वेळी स्वतः करत होते. शाळेची बाजू कळते, धक्क्यावर आपटलेला पंखा महाग पडतो. पण पायलटला एकट्याने पहिली अडचण तिथेच येणार. इंजिन बंद ठेवून वाऱ्यावर मागे वाहत जाणं, ज्याला सेलिंग म्हणतात, तेही नुसतं दाखवलं. तासाभराचा धडा होता तो.

अर्धा तारा बाहेर पडण्याच्या सरावाचा. सीप्लेन पाण्यात उलटलं तर तुम्ही उलटे लटकलेले असता. एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, मगच पट्टा सोडायचा, आणि लाइफ जॅकेट आत असताना मुळीच फुगवायचं नाही. हे सगळं नीट सांगितलं, पण जमिनीवर उभं राहून. तरणतलावात पिंजऱ्यात बसवून उलटं करणारे वेगळे कोर्स असतात. ते स्वतःहून करा.

आणि तारे न कापलेली, पण पैसे भरायच्या आधी विचारायची गोष्ट: रेटिंग मिळाल्यावर विमान एकट्याला देणार का? बहुतेक ठिकाणी उत्तर नाही, कारण विमा. कॅनडात या रेटिंगला किमान ७ तास लागतात, त्यात ५ इन्स्ट्रक्टरबरोबर, आणि ५ टेकऑफ-लँडिंग विमानात एकट्याने. युरोपात जमिनीचं रेटिंग असलेल्याला किमान ८ तास इन्स्ट्रक्टरसोबत. माझ्या मते कॅनडाची एकट्याने करायची अट सगळ्यात शहाणपणाची आहे. एकटं असताना, पाण्यावरच्या सीप्लेनने बाकी सगळ्या नावांपासून दूर राहायचं असतं, हा आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला १८वा नियम पुस्तकातून उठून अंगावर येतो.

चाकंही असलेल्या अँफिबियनवर शिकायचं ठरवलं असेल तर वेगळी शाळा शोधा. तिथे चाकं खाली ठेवून पाण्यात उतरणं ही सर्वात वाईट चूक, आणि ‘हे पाण्यावरचं लँडिंग, चाकं वर’ हे दर खेपेला म्हणायची सवय कबवर लागत नाही. बाकी, एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, सीप्लेनचं हँडबुक फुकट मिळतं, ते वाचूनच जा. ओले झाले तरी चालतील असे, न घसरणारे बूट घाला.