फॉग लाइटच्या एलईडी बल्बांत 8,000 गेले, ते निस्तरायला आणखी 10,620

धुक्यात लावायच्या फॉग लाइटमध्ये गाडीला एलईडी बल्ब बसवून घेतले, त्याचे आकडे आधी सांगतो. एलईडी बल्बची जोडी 4,800. दोन ‘कॅनबस डिकोडर’, म्हणजे बल्ब गेल्याची खोटी सूचना येऊ नये म्हणून लावायच्या डब्या, 1,200. रिले (जास्त करंट सांभाळणारा वेगळा स्विच) आणि वायरिंग 1,500. फिटिंग 500. एकूण 8,000 रुपये, आणि तेसुद्धा घासाघीस करून 9,200 वरून खाली आणलेले. ही सगळी करामत गाडीतून काढून टाकायला पुढे 10,620 लागले. म्हणजे 18,620. घरी हा पूर्ण आकडा मी अजून सांगितलेला नाही. मेहुणा इलेक्ट्रिकची कामं घेतो, त्याच्यासमोर तर विषयच काढत नाही.

हौस म्हणून मी या फंदात पडलो नव्हतो. बायकोचं माहेर सावंतवाडी, त्यामुळे पावसाळ्यात आंबोली घाट चुकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी तिथे धुकं उतरलं की समोरच्या गाडीचे लाल दिवे दहा-पंधरा फुटांवर आल्यावर दिसतात. कंपनीचे हॅलोजन बल्ब एच8 बेसचे, 35 वॅटचे. बल्बमागे साधारण 800 ल्युमेन उजेड, आणि तोही पिवळसर. मागच्या सीटवर म्हातारी आई आणि दोन मुलं असताना रस्त्याची कड नीट दिसावी असं वाटणं हा काही गुन्हा नाही. एलईडी जिथून घेतले त्या दुकानाला रेटिंग 4.6 होतं, खाली फोटोंसकट शेकडो अभिप्राय होते, ओळखीच्या दोघांनी तिथूनच सीट कव्हर घेतलेली. यापेक्षा जास्त चौकशी माणूस करतो तरी किती?

माल कसा खपवतात ते तुम्हाला माहीत आहेच. अंधाऱ्या खोक्यात हॅलोजन आणि एलईडी शेजारी शेजारी लावून दाखवायचे, हातात लक्समीटर धरायचा, आकडा कसा उडी मारतो बघा म्हणायचं. त्या खोक्यात दोन फुटांवर उजेड मोजतात. तो रस्त्यावर कुठे पडतो हे त्यातून कळतच नाही. शिवाय एलईडी थंड असताना पहिला मिनिटभर सर्वांत जास्त पेटतो. तापला की त्याचा उजेड कमी व्हायला लागतो. दहा मिनिटं चालू ठेवा म्हणा आणि मग मीटर लावा. कुणी लावून दाखवणार नाही.

आता ती जागा सांगतो, जी आठवली की अजून रात्री झोप उडते. मी विचारलं, बॅटरीवर लोड तर येणार नाही ना? काउंटरवरचा माणूस म्हणाला, “छे हो साहेब, एलईडी आहे. हॅलोजनपेक्षा निम्मा करंट घेतो.” बरं वाटलं. लगेच पुढचं वाक्य, “फक्त रिले वायरिंग करून घ्या, नाहीतर लोडनं तुमची ओरिजनल वायर जळेल.” ही दोन वाक्यं त्यानं एका दमात, एकाच तोंडानं सांगितली. करंट निम्मा असेल तर 35 वॅटसाठी घातलेली वायर जळेल कशी? आणि वायर जळण्याइतका करंट असेल तर तो निम्मा कसा? दोन्हींतलं एकच खरं असू शकतं. रिले लागतो तो 90-100 वॅटचे हॅलोजन ठोकणाऱ्यांना. दीड हजार रुपये मी त्या दुसऱ्या वाक्यावर मोजले आणि पहिल्या वाक्यावर मान डोलावली. मी समोर उभा होतो, ऐकू येत होतं, शाळेत विज्ञान शिकलोय. पण त्याच वेळी दुकानातला पोरगा बम्परखाली शिरलेला, मागे दोन गाड्या रांगेत, “साहेब, चहा घेणार का” चाललेलं. घाईत ठेवणं हाच त्यांचा धंदा आहे. दोन वाक्यांच्या मध्ये विचार करायला ते जागाच ठेवत नाहीत.

डिकोडरचंही तेच. काही गाड्यांत बल्ब गेला की डॅशबोर्डवर सूचना येते. एलईडी कमी करंट घेत असल्यामुळे गाडीला बल्ब गेलाय असं वाटतं, म्हणून तिथे डिकोडर लावतात. माझ्या गाडीत फॉग लाइटसाठी ही सोयच नाही! तुमच्या गाडीत आहे का ते फुकटात कळतं: फॉगचा एक बल्ब काढा, स्विच चालू करा, डॅशबोर्ड बघा. काही आलं नाही तर 1,200 रुपये खिशात ठेवा.

बॉक्सवर एका नामांकित कंपनीचं नाव, होलोग्राम, खरवडून बघायचा कोड. मोबाइलवर कोड टाकला, हिरव्या अक्षरांत ‘ओरिजनल’ आलं. नंतर शंका आल्यावर मी त्याच पानावर मनाला येतील ते आकडे टाकले. तरीही ‘ओरिजनल’. कोड खरा की खोटा हे बॉक्सवरच्या क्यूआरमधून तपासू नका. कंपनीच्या साइटवर स्वतः टाइप करून जा. आणि बॉक्स उलटा करून आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, मूळ देश, ग्राहक सेवा क्रमांक शोधा. पाकीटबंद मालावर हे छापणं 2011 च्या नियमांनी सक्तीचं आहे. माझ्या बॉक्सवर यातलं फक्त एमआरपीचं स्टिकर होतं.

छापलेलं होतं ते हे: एका बल्बला 110 वॅट, 20,000 ल्युमेन. दोन मिळून 220 वॅट म्हणजे 12 व्होल्टला 18 अँपिअरच्या वर. आणि त्यांनीच बसवलेल्या रिले किटमध्ये फ्यूज होता 10 अँपिअरचा. बॉक्स खरं बोलत असता तर स्विच दाबल्यावर काही क्षणांतच फ्यूज उडायला हवा होता. तो एकदाही उडाला नाही. ज्यांनी असे बल्ब आधीच बसवलेत त्यांनी आज बॉनेट उघडून फ्यूजवरचा आकडा वाचावा, मीटरबिटर काही लागत नाही. पुढे आमच्या नेहमीच्या वायरमननं मीटर लावला तेव्हा एक बल्ब गरम झाल्यावर 0.9 अँपिअर घेत होता. म्हणजे जेमतेम 12 वॅट.

घाटात काय झालं ते थोडक्यात. धुकं लागलं, फॉग चालू केले, आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. फॉग लाइटचा उजेड खाली, रुंद आणि आडवा पडला पाहिजे, त्याच्यावर अंधार पाहिजे. हॅलोजनची तार जिथे आणि जेवढी असते, तिच्याभोवती आतला रिफ्लेक्टर आखलेला असतो. या बल्बात तारेच्या जागी जाड पट्टी, दोन्ही अंगांना चिप, आणि चिपची जागाही तारेच्या जागेशी जुळत नव्हती. त्यात पट्टी फिरवून बसवलेली. उजेड वर फेकला जात होता आणि धुक्यावरून माझ्याच डोळ्यांवर येत होता. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता, एका एसटी ड्रायव्हरनं थांबून शिवी दिली. त्याचं बरोबरच होतं. मी फॉग बंद केले आणि साध्या लो बीमवर कडेकडेनं गाडी उतरवली. आई मागे जप करत होती.

खाली उतरून पुन्हा लावून बघितलं तर डावा बल्ब गेलेला. परत आल्यावर गॅरेजमध्ये बम्पर उघडला तेव्हा सगळं दिसलं. कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापलेला, वायरी नुसत्या पिळून टेप मारलेली. बल्बची रबर रिंग होल्डरवर नीट बसलेली नाही, त्यामुळे दिव्यात पाणी. हॅलोजनच्या उष्णतेनं निदान काच सुकते, एलईडीची उष्णता मागे जाते, पुढची काच थंडच राहते आणि ओल धरून ठेवते. डिकोडरमधला रेझिस्टर तापतो, आणि तो केबल टायनं थेट बम्परच्या प्लास्टिकला बांधलेला. प्लास्टिक तिथे मऊ होऊन दबलं होतं. आग लागायची ती लागली नाही, एवढंच.

सर्व्हिस सेंटरनं वायरिंगची वॉरंटी नाकारली, कपलर कापलाय म्हणून. हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) 6,450, डावा दिवा 2,380, मूळ प्रकारचे दोन हॅलोजन बल्ब 840, बम्पर काढ-घाल मजुरी 950. माझे मूळ बल्ब चांगले होते, पण “कशाला नेता साहेब कचरा” म्हणत दुकानानं ठेवून घेतलेले. जुने बल्ब परत मागा, भांडून मागा.

दुकानात गेलो तर, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. दिव्यात पाणी त्यांच्याच फिटिंगमुळे गेलं म्हटल्यावर, वॉरंटी कंपनीची, माल दिल्लीला पाठवावा लागेल. ज्या कंपनीचं नाव बॉक्सवर होतं तिला फोटो पाठवले. उत्तर आलं की असा मॉडेल आम्ही बनवतच नाही. दुकानाचा पत्ता त्यांनी मागून घेतला, त्यानंतर तिकडूनही शांतता.

बिल म्हणून जे दिलं ते ‘एस्टिमेट’ होतं. खाली जीएसटी क्रमांक होता, 14 अक्षरांचा. तो 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात 27 नं सुरू होतो. मोजा. यूपीआयनं पैसे गेले ते दुकानाच्या नावानं नाही, कुठल्या तरी बाईंच्या नावानं. स्क्रीनवर नाव दिसतं, पिन टाकायच्या आधी वाचा.

आता ज्यांच्या पगाराला आपला कर जातो त्यांच्याकडे या. पोलीस चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. खोट्या नावाचा माल खरा म्हणून विकणं ही फसवणूक नाही? पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, ते मग कुणासाठी लिहिलंय? अर्ज घेतला नाही, नुसता वाचून परत दिला. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर ती दुकानाकडे पाठवली, दुकानानं उत्तर दिलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून तक्रार बंद! बंद झाल्याचा मेसेज मात्र वेळेवर आला, सोबत समाधानी आहात का असा प्रश्न. परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर विचारलं की असा माल रस्त्यावर पाट्या लावून विकतात, तुम्ही काही करता का, तर त्या माणसानं मलाच दटावलं की गाडीत बदल केला म्हणून दंड तुम्हाला होईल. तो खरं सांगत होता, हाच संताप आहे. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52, त्यावर जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीतलं कलम 182-अ(4): मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे 5,000 दंड. डोळ्यांवर उजेड मारणाऱ्या गाडीचा मालक पकडायला सोपा, कारण त्याला नंबर प्लेट असते. विकणाऱ्याचं दुकान त्याच कार्यालयाच्या रस्त्यावर आहे. तिथल्या माणसांच्या गाड्या रोज त्या पाटीसमोरून जातात. त्यांना ती दिसत नाही, आणि मी तक्रार घेऊन गेलो की कायदा लगेच आठवतो.

धुक्यासाठी खरंच काही करायचं असेल तर आधी काच पुसा, बल्ब मूळ वॅटचाच नवा घाला, दिव्याचा कोन खाली आहे का ते भिंतीवर तपासा. एलईडीच हवा असेल तर गाडीच्या कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात दिलेला पूर्ण दिवा मिळतो का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. वायर कापायची भाषा कुणी केली की तिथून निघा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन करता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. मालाची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. बॉक्स, दोन्ही बल्ब, 10 अँपिअरचा तो फ्यूज, एस्टिमेट, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि मऊ होऊन दबलेल्या बम्परचे फोटो जोडले आहेत. मागणी 18,620 रुपये आणि मनस्तापाबद्दल वेगळे. याच दुकानाचे असे बॉक्स आणि एस्टिमेट आणखी कुणाकडे असतील तर फेकू नका, स्वतःची तक्रार घाला. एकट्याच्या अर्जाला ते ‘ग्राहकानं नीट वापरलं नाही’ म्हणतील. दहा जणांना तसं म्हणता येणार नाही.