घरघंटी : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे अमळनेरला आठवड्यातून तीनदा तरी कळण्याची भाकरी होते. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद, थोडं मीठ, आणि दळण जरा जाडसरच लागतं. गिरणीत आधीच्या माणसाचा गहू त्यात येतो, म्हणून दिवाळीआधी धुळ्याहून एक एचपीची घरघंटी आणली. बिल १८,४०० रुपये.

गहू छान दळला जायचा. ज्वारी टाकली की दहा मिनिटांत आवाज घोगरा व्हायचा, जळका वास सुटायचा आणि मोटर बंद. अर्ध्या तासाने आपोआप चालू. पीठ इतकं गरम की डब्यात हात घालवेना, आणि त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या.

मेकॅनिक तीन वेळा आला. दर वेळी पाव किलो गहू दळून दाखवायचा आणि ‘मशीन ओके’ लिहिलेल्या कागदावर सही मागायचा. दोनदा मी केली. करायला नको होती. तिसऱ्यांदा घरातली दोन किलो ज्वारी टाकायला लावली. नवव्या मिनिटाला मशीन बंद पडलं. ‘ज्वारी दळताना मोटर तापून बंद’ असं त्याच्याच हाताने जॉबशीटवर लिहून घेतलं. पुढे सगळं या एका ओळीने झालं.

दुकानदार म्हणाला, “ताई, वॉरंटीत दुरुस्तीच आहे, बदलून मिळत नाही.” बिलाच्या तळाशी छापलेलंच होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माझी पहिली लेखी तक्रार एकोणिसाव्या दिवशीची होती. नुसते फोन करत राहिले असते तर ते तीस दिवस ‘उद्या माणूस पाठवतो’ यातच गेले असते. दुकानदार गोड बोलतो म्हणून आपण थांबतो, आणि तिथेच फसतो.

मग १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता आलं, पैसे पडले नाहीत. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपुढे ठेवून उत्तर मागते. म्हणून सोबत दुकान आणि कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली : पंधरा दिवसांत मशीन बदला किंवा पैसे द्या, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दुकान धुळ्याचं असलं तरी आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मला जळगाव. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं नोटिशीतच लिहिलं होतं. अकराव्या दिवशी कंपनीचा फोन आला.

नवीन मशीन डिसेंबरपासून चालतंय. मेच्या उन्हात घर तापलेलं असतानाही दोन किलो ज्वारी एका दमात निघते, पीठ कोमटच राहतं. दाराच्या रबरातून थोडं पीठ उडतं, आवाजही मोठा आहे, दुपारी शेजारी झोपलेले असताना लावत नाही.

मशीन आलं तेव्हा वॉरंटी कार्डावर जुनाच सिरियल नंबर होता. तो खोडून नवा नंबर घातला, त्यावर सही-शिक्का घेतला, मगच टेम्पो जाऊ दिला.