आधी भुकटी की आधी वळू?
परदेशी मदतीतून दूधधंदा उभारायचा तर आधी काय मागावं, दुधाची भुकटी की वळू, असं भाचीने विचारलं. आपल्याकडे दोन्ही झालंय.

१९७० च्या ऑपरेशन फ्लड या दूधवाढीच्या योजनेत युरोपची सव्वा लाख टन भुकटी आणि बटर ऑइल (लोण्यातलं पाणी काढून उरलेली चरबी) फुकट आलं. त्यांचं दूध करून महानगरांत विकलं, पैसा सहकारी संघांत घातला. भांडवल लगेच हाती. पण असं दूध स्वस्तात सुटलं तर गावच्या दुधाचा भाव पडतो. ही जोखीम मला फार मोठी वाटते.

केरळात १९६३ पासून स्वित्झर्लंडच्या मदतीने ब्राउन स्विस वळूंचा गावठी गाईंशी संकर केला, त्यातून सुनंदिनी ही संकरित गाईची जात घडली. कालवड व्यायला दोन-तीन वर्षं, वर हिरवा चारा हवाच. पण वाढलेलं दूध गोठ्यातच राहतं.

गिऱ्हाईक आहे, संघ नाही? भुकटी घे, तीही मुदत ठरवून. संकलन रोज चालतंय, पण गाय दोन लिटरवर अडलीय? मग वळूच.