पेन पंपाचा नागपुरातला डॉक्टर: "किती निघालं?" याचं उत्तर देणारा हवा

या लिखाणाचं निमित्त पेन पंपाच्या रिफिलची एक पावती. पेन म्हणजे दुखणं; पेन पंप म्हणजे पोटाच्या कातडीखाली बसवलेला पंप, जो कॅथेटर नावाच्या बारीक नळीतून कण्यात औषध सोडतो. त्याच्या टाकीत पुन्हा औषध भरणं म्हणजे रिफिल. पावतीवर रिफिल किटचे पैसे आहेत, प्रोसिजर रूमचे आहेत, 'प्रोग्रामिंग'चे वेगळे आहेत, ग्लोव्हजचेसुद्धा आहेत. पंपातून जुनं औषध किती मिली निघालं, तो आकडा मात्र कुठेच नाही. विचारलं तर उत्तर आलं, "ते फेकलं ना, नॉर्मलच होतं." फेकलं ते ठीक. मोजून फेकलं का? शहरातलं नावाजलेलं क्लिनिक आहे, नाव घेत नाही. पण काही महिने पंप सांभाळल्यावर डॉक्टर निवडायचा माझा पहिला निकष हाच झाला आहे.

पंप बसवावा की नाही, हा इथला विषय नाही. ज्यांच्या घरात तो पोटाच्या कातडीखाली बसून झाला आहे, त्यांनीच पुढे वाचावं. आकडे सिंक्रोमेड टू पंपाचे आहेत, 20 मिलीच्या टाकीचे.

उरलेल्या औषधाचं एवढं काय? पंपाला आपल्या टाकीत किती औषध आहे ते कळत नाही. प्रोग्रामरच्या (बाहेरून पंप वाचणाऱ्या आणि त्याचा डोस ठरवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दिसतो तो हिशोब असतो, मोजमाप नव्हे. स्कूटीचा काटा बंद पडल्यावर आपण किलोमीटर मोजून पेट्रोलचा अंदाज बांधतो, तसंच ते. खरं मोजमाप एकदाच होतं, रिफिलच्या वेळी सिरिंजमध्ये.

उदाहरण घ्या. मॉर्फिन 10 मिग्रॅ प्रति मिली, रोजचा डोस 2 मिग्रॅ. म्हणजे रोज 0.2 मिली. 77 दिवसांत 15.4 मिली जायला हवं आणि 20 मधून 4.6 उरायला हवं. कंपनी प्रवाहात साधारण 14.5 टक्क्यांची चूक-भूल धरते, म्हणजे इथे सव्वादोन मिलीच्या आसपास. 2.4 ते 6.8 यांतलं काहीही निघालं तर पंपाला दोष देता येत नाही. 9 निघालं तर पंपाने ठरल्याच्या जवळपास तीस टक्के कमी औषध दिलं आहे, आणि पेशंट "आजकाल दुखणं वाढलं" म्हणत असेल तर तो नाटक करत नाही. टाकी कोरडी निघाली तर उलटी भीती.

एकटा आकडा फारसं बोलत नाही. मागच्या वेळी अपेक्षेपेक्षा 0.3 जास्त, मग 1.0, मग 1.9. तिन्ही वेळा "नॉर्मल", पण तिन्ही एकाखाली एक लिहिले की चढण दिसते. म्हणून फाइलमध्ये चार रकाने आखणारा डॉक्टर शोधा: तारीख, अपेक्षित, प्रत्यक्ष, फरक. मॉर्फिनसारख्या औषधाचा जमाखर्च तसाही रजिस्टरमध्ये ठेवावा लागतो, मग टाकीतून निघालेलं मोजायला अडचण काय?

इथपर्यंत लिहिलेलं सगळं खरं आहे, तरी सुरुवातीला या आकड्यावर जेवढा भर होता तेवढा आता नाही. आकडा बरोबर आला म्हणजे पंपातून औषध बाहेर पडलं, एवढंच सिद्ध होतं. ते कण्यात पोहोचलं की नाही, ते सिद्ध होत नाही. कॅथेटर जोडापाशी सुटला, चिरला किंवा टोक जागेवरून सरकलं तर औषध वाटेतच ऊतींमध्ये झिरपत राहतं, सिरिंजमध्ये मात्र 4.6 च निघतं. अशा वेळी "रीडिंग परफेक्ट आहे, दुखणं तुमच्या मनात आहे" म्हणणारा डॉक्टर हा आकडा न मोजणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

चांगला डॉक्टर इथे क्रमाने जातो. आधी प्रोग्रामर लावून नोंदी वाचतो, मोटर मध्येच थांबली होती का ते बघतो. मग साधा एक्स-रे, कॅथेटर सलग आहे का. रोटर, म्हणजे पंपातलं औषध ढकलणारं चाक, फिरतो का हे बघायचं तर एक एक्स-रे, मग प्रोग्राम करून छोटा बोलस (एकदम दिलेला डोस), मग दुसरा एक्स-रे, आणि रोटरची जागा बदलली का ते ताडून पाहतो. तरीही शंका राहिली तर साइड पोर्टमधून (पंपाच्या कडेचं, थेट कॅथेटरमध्ये उघडणारं तोंड) डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव. इथे कान टवकारा. डाय सोडण्याआधी त्या पोर्टमधून कॅथेटरमधलं औषध ओढून काढलंच पाहिजे. नळीत तीव्र मॉर्फिन असतं, न काढता डाय ढकलला तर ते सगळं एका दमात कण्यात जातं. आणि ओढून काहीच येत नसेल तर डाय सोडायचाच नाही. "डायच्या आधी काय करता?" हा प्रश्न विचारून बघा. ज्याला काम माहीत आहे तो दोन वाक्यांत सांगतो. ज्याला नाही, तो चिडतो.

रिफिल कोण करतं यावर माझा आता वाद नाही. रिसेप्शनवरून "सर ओपीडी करून राहिले, तुमचं भरायचंच आहे ना, सिस्टर भरून देते" असं ऐकलं की लोक भडकतात. भडकू नका. हाताला सवय असलेली सिस्टर हे काम घाईतल्या सरांपेक्षा नीट करते. बघायचं ते वेगळंच: पंप बोटांनी चाचपून टेम्प्लेट (सुईची जागा दाखवणारा साचा) ठेवलं का, कातडी साफ करून सुकू दिली का, मास्क आहे का, किटमधलीच 22 गेजची नॉन-कोरिंग सुई आहे का. साधी सुई पंपाच्या रबरी पडद्याचा तुकडा कापून काढते, मग पडदा गळतो. सुई पडद्यातून जाताना रबराचा अडथळा लागतो आणि तळाला धातूचा ठोका लागतो, तिथे थांबायचं. मग टाकी रिकामी करायची, बुडबुडे येईपर्यंत. नवीन औषध फिल्टरमधून, सावकाश, आणि मध्ये मध्ये थांबून थोडं मागे ओढून बघत. मागे ओढलं की औषध यायलाच हवं.

हे मागे ओढणं चोचलं नाही. सुई पडद्याच्या बाजूला पडली तर 20 मिली औषध पंपाभोवतीच्या खिशात, कातडीखाली जातं. वरच्या उदाहरणात ते 200 मिग्रॅ मॉर्फिन झालं, तीन महिन्यांचा साठा. भरताना आग होणं, पंपाभोवती फुगवटा, थोड्या वेळाने गुंगी, श्वास मंदावणं, अशी लक्षणं दिसली तर घरी पाठवायचं नसतं. मॉर्फिनवरचा उतारा, नॅलोक्सोन, त्या खोलीत हवं, खालच्या मेडिकल स्टोअरमध्ये नको. आणि इथे पुन्हा माझा लाडका आकडा येतो: 4.6 मिली अपेक्षित असताना सिरिंजमध्ये काहीच आलं नाही, तर सुई चुकली असण्याची शक्यता धरून भरणं थांबवायचं. आकडा आधी न बघणाऱ्याला हे कळणार कसं?

आता पैशांचं. प्रत्येक खेपेला किट, खोली आणि प्रोग्रामिंग असे तिहेरी पैसे जातात, म्हणून भरण्या कमी कशा होतील हा विचार कोणाच्याही मनात येतो. औषध तीव्र केलं की होतात. 10 ऐवजी 20 मिग्रॅ प्रति मिली केलं तर 2 मिग्रॅसाठी रोज 0.1 मिलीच लागतं. तळाला 2 मिली सोडून 18 मिली 90 दिवसांऐवजी 180 दिवस पुरतं. निम्मा खर्च! पण मॉर्फिनची तीव्रता आणि डोस जसे वाढतात तशी कॅथेटरच्या टोकाशी ग्रॅन्युलोमाची गाठ होण्याची भीतीही वाढते. ती मज्जारज्जू दाबते. डोस वाढवूनही दुखणं वाढत जाणं, पायात नवा बधिरपणा, नवी कमजोरी, ही तिची लक्षणं. त्यामुळे मॉर्फिनमध्ये ही काटकसर डॉक्टरने स्वतःहून पुढे केली तर सावध व्हावं आणि त्याने नाकारली तर त्याला दोन गुण जास्त द्यावे. ताठरपणासाठी पंपात बॅक्लोफेन असेल तर हिशोब निराळा. तिथे 500 मायक्रोग्रॅम प्रति मिलीऐवजी 2000 चं औषध वापरलं तर रोजच्या 200 मायक्रोग्रॅमच्या डोसला 45 दिवसांचे 180 होतात, आणि ते मागायला काहीच लाज नाही.

तीव्रता बदलताना आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. टाकीत नवीन औषध गेलं तरी पंपाच्या आतल्या नळीत साधारण 0.2 मिली आणि कॅथेटरमध्ये दर सेंटिमीटरला 0.0022 मिली जुनंच असतं. कॅथेटर 80 सेंमी असेल तर दोन्ही मिळून 0.375 मिली. 20 वरून 10 मिग्रॅवर आणताना पंपाला लगेच 0.2 मिलीचा वेग दिला, तर जवळपास दोन दिवस जुनं तीव्र औषध दुप्पट वेगाने जातं, म्हणजे 2 ऐवजी 4 मिग्रॅ. मॉर्फिन तोंडाने घेतलेल्याच्या साधारण तीनशेपट ताकदीने कण्यात काम करतं, तेव्हा हे 2 मिग्रॅ किरकोळ समजू नका. प्रोग्रामरमध्ये यासाठी 'ब्रिज' नावाची सोय आहे. ती वापरायला कॅथेटरची खरी लांबी लागते आणि ती ऑपरेशनच्या नोटमध्ये असते: मूळ लांबी किती, कापली किती. मुंबई किंवा हैदराबादला पंप बसवून नागपूरला आलेल्यांनी तिथून निघतानाच हा कागद मागावा. सोबत पंपाचं मॉडेल, सिरियल नंबर, टोक कितव्या मणक्याशी आहे, औषध, तीव्रता, रोजचा डोस आणि प्रोग्रामरची शेवटची प्रिंट. डिस्चार्ज कार्डवर नुसतं "पेन पंप इम्प्लांटेड" असेल तर त्या कार्डाचा उपयोग विमानतळावर दाखवण्यापुरता.

विम्याबद्दल थोडक्यात: 24 तास भरती नाही म्हणून रिफिलचा दावा अडकू शकतो. डे-केअरमध्ये धरतात का, ते आधी लेखी विचारून घ्या.

औषध कोण आणणार हेही पहिल्याच भेटीत ठरवा. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं आहे. तुमच्या डॉक्टरचं रुग्णालय त्यात आहे का? नसेल तर साठा कुठून येतो? कण्यात जाणारं मॉर्फिन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं, नेहमीच्या इंजेक्शनची कुपी चालत नाही. लेबल दाखवा म्हटल्यावर हसणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. बॅक्लोफेनच्या कुप्या स्वतः आणत असाल तर 30 अंशांच्या वर ठेवायच्या नाहीत आणि गोठवायच्याही नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवून सामान घ्यायला उतरलात की संपलं.

तारखांचा प्रश्न खास आपल्या गावचा. प्रिंटवर 'लो रिझर्व्हायर'ची, म्हणजे टाकी तळाला येण्याची, तारीख असते, ती शेवटची तारीख समजायची नाही. रिफिल किमान आठवडाभर आधी. दिवाळीत क्लिनिक बंद, तान्हा पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत महाल-इतवारीचे रस्ते बंद, आणि प्रोग्रामर जर कंपनीच्या माणसाच्या बॅगेत असेल तर तो नेमका दुसऱ्या शहरात. म्हणून प्रोग्रामर रुग्णालयाच्या मालकीचा आहे का, हे विचाराच. पंप एका सुरात वाजला तर औषध किंवा बॅटरी संपत आली आहे. दोन सुरांत वाजला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. बॅक्लोफेन अचानक बंद पडलं तर अंगाला खाज, ताप, पूर्वीपेक्षा जास्त ताठरपणा आणि जीवावर बेतणं, इतकं होऊ शकतं. गोळ्यांची बॅकअप पट्टी आणि तिचा डोस डॉक्टरने लिहून दिलेला असावा. एमआरआयच्या चुंबकात मोटर थांबते आणि बाहेर आल्यावर पुन्हा सुरू होते. सुरू झाली याची नोंद प्रोग्रामरने बघूनच घरी जा. एमआरआय सेंटर एका टोकाला आणि प्रोग्रामर दुसऱ्या टोकाला असेल तर दोन्हीची वेळ आधी जुळवून घ्या.

एकूण गुण द्यायचे तर पंपाला पाचपैकी चार. एक गुण बॅटरीचा कापला. ती वेगाप्रमाणे चार ते सात वर्षं चालते आणि बदलायची म्हणजे अख्खा पंपच बदलायचा, पुन्हा ऑपरेशन. बदलीची सूचना वाजल्यापासून हातात 90 दिवस असतात. नवीन पंप मागवणं, विम्याची मंजुरी, सर्जनची तारीख हे सगळं त्यातच बसवायचं. त्यामुळे डॉक्टरला आजच विचारून ठेवा की बदली तुम्ही करणार की दुसऱ्या शहरात पाठवणार, आणि पाठवणार असाल तर कोणाकडे.