पट्टीमागचं लाल टोकन : जुन्या फेल्ट हॅटचे सात महिने

गेल्या ऑक्टोबरात कनेक्टिकटमधल्या डॅनबरीजवळच्या रविवारच्या जुन्या बाजारात ही करडी फेल्टची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, हॅट ३५ डॉलरला घेतली. डॅनबरी हे एके काळी अमेरिकेतलं हॅटचं गाव, त्यामुळे तिथल्या बाजारात जुन्या हॅट निघतातच. विकणारे गृहस्थ म्हणाले, साठच्या दशकातली आहे. मीही तेच धरून चाललो.

घरी आल्यावर आधी आतली चामड्याची पट्टी उलटून पाहिली. माझे आजोबा एसटीचं तिकीट आणि एखादी नोट गांधी टोपीच्या घडीत खोचून ठेवायचे आणि आजी टोपी भिजवण्याआधी ती घडी चाचपायची. टोपी हातात आली की तिची घडी चाचपायची, ही सवय मला तिथूनच लागली.

पट्टीमागे वर्तमानपत्राची लांब घडी निघाली. एका बाजूला बायकांच्या कोटांची जाहिरात, दुसऱ्या बाजूला बेसबॉलचे आकडे. तारखेचा भाग कापलेला. कागद काढून हॅट घातली तर ती थेट कानांवर उतरली. हॅटचं माप ५८ सेंमी, माझं डोकं ५७. आधीच्या मालकाचंही बहुधा तेवढंच असावं! तो कागद तसाच ठेवायचा फार मोह झाला, पण वर्तमानपत्राचा कागद जुना झाला की आम्लधर्मी होतो. त्याच्याजवळचं चामडं काळपट पडून तडकायला लागलं होतं. मग तो पाकिटात ठेवला आणि जागेवर पातळ फोमची पट्टी सरकवली. मग हॅट घट्ट बसू लागली.

वापराचं सांगायचं तर थंडीत हिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. ससा-बीव्हरच्या लोकरीचं असं दाट फेल्ट आज या किमतीत मिळत नाही. रिमझिम पावसात थेंब वरच राहतात, झटकले की गेले. रोज सकाळी स्टेशनवर उभा असताना वारा यायचा, पण हॅट कधी उडाली नाही. डिसेंबरात वरच्या भागाला पोचा पडला, तेव्हा स्वयंपाकघरात किटलीच्या वाफेवर धरून तो काढला. ते करायला नको होतं. का ते पुढे सांगतो.

फेब्रुवारीत पट्टीची शिवण मागच्या बाजूला उसवली. पट्टीवर जिथे छोटा बो असतो ती हॅटची मागची बाजू. सुईदोरा घेऊन बसलो तर बोटाला काहीतरी टणक लागलं. बाहेर आली एक लाल चकती, कॅरमच्या सोंगटीपेक्षा बरीच लहान, १६ मिलिमीटरची. धातूची नाही, दाबून घट्ट केलेल्या तंतूंची. मधोमध १ आणि दोन बाजूंना एकेक अक्षर. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन रेशनचं टोकन! ही टोकनं फेब्रुवारी १९४४ मध्ये चलनात आली. रेशनच्या मालाचा हिशेब पॉइंटांत असायचा; तिकिटांवर माल घेतला की उरलेले पॉइंट दुकानदार टोकनांत परत करायचा. मांस आणि लोण्या-चरबीसाठी लाल, डबाबंद मालासाठी निळं. कुणीतरी एक पॉइंट लोण्यासाठी वाचवून डोक्यावर घेऊन फिरत होतं आणि विसरलं. त्या रात्री मी ते कितीदा हातात घेऊन पाहिलं असेल!

दुसऱ्या दिवशी डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला. १९४५ च्या अखेरीस मांसाचं रेशन संपलं. त्यानंतर असलं टोकन टोपीत जपायला कारण नव्हतं. म्हणजे हॅट साठच्या दशकातली नसून १९४४-४५ च्या सुमारास कुणाच्या तरी डोक्यावर असणार आणि घेतलेली त्याच्याही आधी असू शकते. आतलं हॅट कामगारांच्या संघटनेचं लेबल याच्या आड येत नाही. लेबलवरच्या नावाची संघटना १९३४ ते १९८३ होती. अडचण अशी, की अमेरिकेत फेल्टसाठी पाऱ्याचा वापर १ डिसेंबर १९४१ ला बंद झाला. त्याआधी लोकर नीट जमावी म्हणून कातड्यांवर मर्क्युरिक नायट्रेट चोळत. पाऱ्याने हात थरथरणाऱ्या कामगारांमुळे त्या आजाराला डॅनबरीचंच नाव पडलं होतं. हा पारा फेल्टमध्ये वर्षानुवर्षं टिकतो आणि उष्णतेने त्याची वाफ सुटते. संग्रहालयात अशा हॅट हातमोजे घालून हाताळतात. आणि मी ती किटलीवर धरली होती, शेजारी माझी सात वर्षांची मुलगी दूध पीत बसलेली.

माझ्या हॅटमध्ये पारा आहेच असं मी म्हणत नाही, तपासणी अजून झालेली नाही. पण त्या दिवसापासून ती घालणं बंद केलं. मुलीच्या नटण्या-मुरडण्याच्या खेळातूनही ती काढून घेतली. रोजच्यासाठी १९५०च्या दशकातली दुसरी घेतली. तिच्या पट्टीमागे काही निघालं नाही आणि त्याचं मला जरा वाईटच वाटलं.

जुनी हॅट घेणाऱ्यांनी पट्टी उलटताना बोट एकदम आत घालू नये, टाचण्याही असतात. मला दुसऱ्या हॅटच्या अस्तरात एक लागली. काय सापडलं आणि कुठे, ते लगेच लिहून ठेवावं. नुसत्या टोकनवरून काही कळत नाही, ते पट्टीमागे होतं म्हणून हॅटचं वय कळलं.

करडी हॅट आता झाकणाच्या खोक्यात आहे. टोकन आणि वर्तमानपत्राची घडी वेगवेगळ्या पाकिटांत तिच्याशेजारी. वर इंग्रजीत चिठ्ठी लिहून ठेवली आहे : टोकन मागच्या बोपासून डावीकडे दोन बोटांवर सापडलं, हॅटमध्ये पारा असू शकतो, हातमोजे घाला, वाफ देऊ नका.